आरतीपर्यंत बंद सोडायचा नाही

“इंजेक्शन तेवढं मारून द्या मॅडम. आरतीपर्यंत परत न्यायचंय.”

असं मला सांगणारा माणूस अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ओपीडी संपत आली होती. दवाखान्याच्या दारात त्यांची पांढरी गाडी उभी होती. मागच्या सीटवर एक बाई आडवी पडली होती. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि तो पदर लाल झाला होता.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्या गावाचंही नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, त्या गावचे लोक तसलेच. तसलं काही नाही. हे तुमच्या गावातही चालतं.

सोयाबीन कापणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे साप चावलेले रुग्ण येतात. साप म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतलं की जनावर ऐकतं अशी समजूत आहे. त्यावर माझं भांडण नाही. नाव काहीही घ्या, पण दवाखान्यात या.

बाईचं नाव अंजनाबाई. वय पस्तिशीच्या आतबाहेर. सरांच्याच शेतात कापणीला होती. सोबत तिचा नवरा बालाजी होता, तोही त्याच टोळीत. स्ट्रेचरवर घेतलं आणि शेख सिस्टरनं तिचा पाय उघडा केला. सिस्टर गेली कित्येक वर्षं या केंद्रावर आहेत, सहसा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. त्या दिवशी दिसलं.

घोट्याच्या वर दोन दातांच्या खुणा होत्या. तिथून रक्त झिरपत होतं. पण मी बघत राहिले ते गुडघ्याखालचं. आधी सुतळी, त्यावर साडीची किनार, त्यावर मोटारसायकलची जुनी ट्यूब. तिन्ही एकावर एक, अंगातला सगळा जोर लावून आवळलेली. ट्यूबच्या वरचा पाय माणसाचा होता. खालचा जांभळा, टरारलेला, हाताला गार. जोडवी बोटात रुतून दिसेनाशी झाली होती.

“कधी चावला?”

“सकाळी, न्याहारीच्या आधी,” बालाजी म्हणाला.

“आता दुपार झालीय. मधे कुठं होता?”

बालाजीनं सरांकडं बघितलं. सरांनी गाडीच्या किल्लीकडं.

“पारावर होतो मॅडम,” बालाजी म्हणाला. “मारोतीच्या. बुवानं बंद बांधला, पाला चारला.”

“पाला कडू लागला तिला,” सर मधे बोलले. चांगली बातमी सांगावी तसं. “म्हणजे बिनविषारी असावा. पण नंतर उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, म्हणून म्हटलं एकदा दाखवून घ्यावं.”

ज्यांना हा पाल्याचा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साप चावलेल्या माणसाला मारोतीच्या देवळात नेतात आणि लिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलंय. लिंबाचा पाला कडू लागतो, कारण तो कडू असतो. विषाचा आणि जिभेच्या चवीचा काही संबंध नाही. मण्यार चावून मरणाऱ्या माणसालाही लिंब कडूच लागतो. या परीक्षेत प्रत्येक जण पास होतो, आणि पास झालेला पारावर बसून राहतो. ती निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की साप चावल्यावर वेळ हीच एक गोष्ट आपल्या हातात असते आणि पाला तीच खातो.

“साप कसा होता?”

“जाड. अंगावर साखळीवानी ठिपके. लय फुसकारायला होतं मॅडम, कुकरची शिट्टी होती तसं.”

घोणस. आमच्या भागात कापणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त सापडतो तो हाच. घोणसीचं विष रक्तावर जातं. रक्त गोठेनासं होतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचली तिथून, कुठूनही वाहायला लागतं आणि पाठोपाठ किडन्या बसतात.

वर्णनावर औषध ठरवत नाही. त्यासाठी एक तपासणी आहे, तिला मशीन लागत नाही, लॅब लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची. त्यात थोडं रक्त काढायचं. नळी उभी करून वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. निरोगी रक्ताची तोवर गाठ झालेली असते, नळी उलटी केली तरी सांडत नाही. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष शरीरात आहे. शेख सिस्टरनं रक्त काढलं, नळी खिडकीत ठेवली, दुसऱ्या हाताला सलाईन लावली. रुतलेली जोडवी सरांच्या गाडीतली पक्कड आणून कापली.

मी ट्यूबच्या गाठीला हात लावला आणि बालाजी दोन्ही हात पसरून आडवा आला.

“न्हाई मॅडम. बंद न्हाई सोडायचा.”

“पाय गार पडलाय. रक्त जात नाही खाली.”

“ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा आसतो. बुवा सोडील, दिवेलागणीच्या आरतीला. त्याच्या आदी दुसऱ्याचा हात लागला तर सगळं इख एकदम काळजात जातंय.”

आता कळलं, आरतीची घाई कसली होती. त्यांना बाई बरी करून नको होती. त्यांना इंजेक्शन दिलेली बाई बांधल्या पायानं परत पाहिजे होती. बुवा गावाची शीव ओलांडून दवाखान्यात येणार नाहीत, म्हणून बाईनं शीव ओलांडून परत जायचं.

मी सरांकडं वळले. “तुम्ही सांगा यांना.”

“आरतीचा मान आमच्या घराकडे आहे,” सर म्हणाले. “मी काय सांगू?”

बंदाबद्दलही सांगायला हवं. विष दोरीनं अडतं, ही गोष्ट खोटी आहे. दोरीनं रक्त अडतं. रक्त अडलं की पाय मरायला लागतो, आणि विष एका जागी कोंडून तिथलं मांस आणखी नासवतं. पण बालाजी म्हणत होता त्यात एक कण खरा होता आणि तोच मला छळत होता. असा आवळलेला बंद एकदम सोडला तर कोंडलेलं विष एकदम वर येतं आणि रुग्ण कोसळू शकतो. म्हणून आधी औषध सुरू करायचं, मग बंद हळूहळू सैल करायचा. बुवाच्या आरतीचा त्यात काही भाग नाही.

औषध आमच्याकडे होतं. त्याला आम्ही एएसव्ही म्हणतो, सर्पविषावरचा उतारा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये असतं. असतं, पण दिलं जात नाही. का, ते पुढच्या फोनवरून कळेल.

फोन वरच्या साहेबांना होता. गंभीर रुग्ण आला की त्यांना कळवायचं असतं.

“घोणस आहे सर. रक्त येतंय. पहिला डोस सुरू करते.”

“रेफर करा.”

“करते सर, डोस देऊन. ॲम्ब्युलन्स मागवलीय.”

“मॅडम, ऐकून घ्या. एएसव्हीला रिॲक्शन येते. तिथं आयसीयू नाही. काही झालं तर नातेवाईक तुमची खुर्ची तुमच्याच डोक्यात घालतील. परभणीला पाठवा आणि मोकळ्या व्हा.”

“सर, परभणीला पोचेपर्यंत तासाच्या वर जातो. सकाळपासून विष अंगात आहे.”

“ते पारावर बसले ती तुमची जिम्मेदारी आहे का?”

“नाही. इथून पुढची आहे.”

“मग बघा तुमचं तुम्ही,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

‘रेफर’ हा आमच्या खात्यातला सगळ्यात सोयीचा शब्द. मोठ्या दवाखान्यात पाठवणं चूक नाही, अनेकदा तेच करायचं असतं. पण फ्रिजमध्ये उतारा असताना पहिला डोस न देता रुग्ण गाडीत घालणं, हे आमच्या खात्याचं मारोतीचं देऊळ आहे. बुवा पारावर बसवून ठेवतो, आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसवून ठेवतो. रुग्ण रस्त्यात गेला की कागदावर तो कुणाचाच नसतो. आम्हाला रिॲक्शनची भीती वाटत नाही, रिॲक्शन आमच्या हद्दीत येण्याची वाटते.

सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, नळी.”

मी सरांना खिडकीजवळ बोलावलं. नळी तिरकी केली. आतलं रक्त काचेवरून सरळ खाली आलं, लाल सरबत यावं तसं. गाठीचा पत्ता नाही.

“हे बघा सर. तुम्ही शिकवता ना, रक्त कसं गोठतं?”

सर बघत राहिले.

“शिकवतो,” ते म्हणाले. आणि मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, “मला कळतं हो मॅडम हे सगळं. पाल्याला काही अर्थ नाही, बंदाला नाही. पण गावाला काय सांगू?”

अडाण्याचा मला राग येत नाही. त्याला सांगता येतं. ज्याला माहीत आहे आणि तरी तो गप्प उभा राहतो, वर आपली गाडी देऊन पुण्यही घेतो, त्याला काय सांगायचं? त्या क्षणी मला तो माणूस घोणसीपेक्षा धोकादायक वाटला. घोणस निदान फुसकारते.

“बाहेर बसा,” मी म्हटलं.

एएसव्हीची पावडर छोट्या बाटल्यांत असते. ती पाण्यात विरघळवताना बाटली हलवायची नाही, तळहातात धरून हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो आणि औषध वाया जातं. दहा बाटल्या. सिस्टर आणि मी दोघी मिळून फिरवत होतो. घाई असताना हळू काम करावं लागणं ही आमच्या धंद्यातली खास शिक्षा. औषध सलाईनमध्ये घातलं, थेंब सुरू केले. अंजनाबाईच्या उशाशी सिस्टरनं ॲड्रेनॅलिन भरून ठेवलं. रिॲक्शन आलीच तर ते मांडीत द्यायचं असतं.

आली. थोड्याच वेळात अंजनाबाईनं मान खाजवायला सुरुवात केली. गळ्यावर गांध्या उठल्या, थंडी वाजायला लागली, बीपी खाली आलं.

“काय दिलं तुमी?” बालाजी ओरडला. “बोलत व्हती ती! आत्तापस्तोर बोलत व्हती! औषधानंच मारायलाय का?”

दारात माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, “म्हनलं व्हतं, पारावरच ऱ्हावा.” दुसरा मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. साहेबांनी सांगितलेलं सगळं एकेक करून खरं होत होतं.

एएसव्ही थांबवलं. मांडीत ॲड्रेनॅलिन. पाय उंच केले, सलाईन जोरात सोडली. सिस्टर बालाजीचा दंड धरून त्याला एका बाजूला घेत म्हणाल्या, “भाऊ, हल्ला करायचा आसंल तर उद्या कर. आज मला जागा दे.” आणि अंजनाबाईला, “घाबरू नको गं माय. खाज येतीय म्हंजी औषध चालायलंय.”

वैद्यकशास्त्र असं म्हणत नाही. पण बाई शांत झाली. गांध्या बसल्या, बीपी वर आलं. मी एएसव्ही पुन्हा सुरू केलं, सुरुवातीला सावकाश. रिॲक्शन आली म्हणून उतारा बंद करायचा नसतो. रिॲक्शनचा इलाज करायचा आणि उतारा पुढं चालू ठेवायचा. आयसीयू लागला नाही. एक भरलेली सिरिंज आणि न पळणारी दोन माणसं लागली.

आता पायाचा बंद.

बालाजी पुन्हा पायाशी येऊन उभा राहिला होता. त्याचा आवाज उतरला होता. “मॅडम, पाया पडतो. आरतीपस्तोर थांबा. काई झालं तर लेकरांना काय तोंड दावू?”

मी समजावलं. औषध अंगात चाललंय, आता सोडला तर धोका कमी आहे, नाही सोडला तर पाय कापावा लागेल. त्यानं मान हलवली. पुन्हा समजावलं. पुन्हा मान हलवली. दारातून सूचना येत होत्या. एक जण म्हणाला बुवाला फोन लावा, स्पीकरवर मंत्र म्हणतील.

“मला कोनी इचारलं का?”

अंजनाबाई बोलली होती. सकाळपासून तिच्याबद्दल बुवानं, सरांनी, नवऱ्यानं, साहेबांनी आणि मी निर्णय घेतले होते. मीसुद्धा तिला कुठं दुखतं एवढंच विचारलं होतं, काय करू हे विचारलं नव्हतं.

“माहा पाय हाय,” ती म्हणाली. दातांवर रक्त होतं, त्यामुळे ती लय संतापल्यासारखी दिसत होती. कदाचित होतीही. “सकाळधरून ठसठस करायलाय. आता तर कळंना बी झालाय, हाय का न्हाई त्ये. बुवाला सांगा म्हनावं, तुहा पाय बांधून बस आरतीपस्तोर.”

दारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

“अंजना, आगं...” बालाजी म्हणाला.

“तुमी सोडता का मी उठू?”

त्यानं सोडला. मी म्हटलं तशी आधी ट्यूब, तीही एकदम नाही. सिस्टरचं बोट पावलावरच्या नाडीवर, माझा हात बीपीच्या यंत्रावर. ट्यूब सैल झाली, थांबलो. मग साडीची किनार, पुन्हा थांबलो. सुतळी कातडीत इतकी रुतली होती की गाठ सापडेना. ती मी कात्रीनं कापली. बालाजीनं डोळे मिटून घेतले होते. त्याला वाटत होतं, आता ती मरणार.

ती मेली नाही. खालच्या पायाला हळूहळू माणसाचा रंग आला आणि ती कळवळून किंचाळली, कारण आता दुखायला लागलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “नाडी लागली.”

ॲम्ब्युलन्स आली होती. पायाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून, हाड मोडल्यावर बांधतात तसा तो सैल बांधला. एएसव्ही चालू ठेवून तिला परभणीला पाठवलं. हे झालं रेफर करणं. सर बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, “मग आरतीला काय सांगायचं?”

“आरतीला तुम्ही जा,” मी म्हटलं. “तुमचा मान आहे.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला आणखी औषध लागलं. नळीतलं रक्त पुन्हा गोठायला लागलं. किडन्या वाचल्या. दिवाळीच्या आधी ती घरी आली. साहेबांचा फोन आला, “नशीब समजा. दर वेळी असं होत नाही.” शाबासकी आमच्या खात्यात या भाषेत देतात.

पण ती तपासायला आली तेव्हा मी तिचं चालणं पाहिलं. पाऊल उचललं जात नव्हतं. गुडघा उंच करून ती पाय पुढं टाकायची आणि पंजा जमिनीवर फट् करून आपटायचा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला अगदी चिकटून जाते. पाऊल वर उचलायचं काम तिचं. नेमकं त्याच जागी सुतळी, किनार आणि ट्यूब बांधली होती. सापाचे दात तिथून वीतभर खाली होते. सापाचं विष उतरलं. दोरीचं उतरलं नाही.

“उकिडवं बसता येईना,” ती म्हणाली. “कापनी कशी करू?”

व्यायाम सांगितला, पंजाला आधार देणारा पट्टा दिला. थोडं सुधारेल. पूर्ण सुधारेल असं मी तिला सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर सर आले. हातात पेढ्याचा पुडा.

“मॅडम, शनिवारी पारावर छोटासा कार्यक्रम आहे. तुमचा आणि बुवांचा सत्कार.”

“बुवांचा कशाबद्दल?”

“गावाचं म्हणणं असं, की बुवांनी बंद बांधला म्हणून विष वर चढलं नाही, आणि मग तुमच्या औषधानं काम केलं. दोघांनी मिळून वाचवली.”

“आणि तुमचं म्हणणं?”

“गावात राहायचं असतं मॅडम.”

मी गेले. शाल घ्यायला नाही. अंजनाबाईला मी काही सांगितलं नव्हतं, ती आपणहून पुढं आली आणि म्हणाली, “मी चालून दावते.” ती पारासमोरून चालली. दर पावलाला पंजा फट् करून आपटत होता. मी बोट ठेवून दाखवलं, साप इथं चावला आणि पाय इथून गेला.

मग मी सांगितलं ते एवढंच. साप चावला की माणसाला चालवू नका, पळवू नका. धीर द्या, कारण सगळे साप विषारी नसतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. पण ते ठरवायचं काम दवाखान्याचं, पाल्याचं नाही. जोडवी, पैंजण, अंगठी लगेच काढा, नंतर निघत नाही. पाय किंवा हात हलणार नाही असा दोन काठ्यांना सैल बांधा, आत बोट जाईल इतका सैल. चिरू नका, चोखू नका, आवळू नका, जखम चोळू नका. साप मारून आणू नका, त्याच्या मागे लागून दुसरा रुग्ण तयार होतो. आणि थेट दवाखान्यात या. देवाला जायचं तर बरे होऊन जा, देव कुठं जात नाही.

बुवा पुढच्याच रांगेत बसले होते. म्हातारा, कोरडवाहू चार एकर करणारा माणूस. मला वाटलं, चिडतील. ते उठले आणि मला नाही, सरांना म्हणाले, “सर, तुमी तितंच उभे व्हते की. तुमच्याच गाडीच्या डिकीतली मोटारसायकलची ट्यूब दिली तुमी. मला वाटलं, येवडा शिकल्याला मानूस ट्यूब देयालाय, म्हंजी बराबरच आसंल.”

बुवा शिकलेल्या सरांच्या भरवशावर बांधत होते आणि सर अडाणी गावाच्या भीतीनं ट्यूब पुरवत होते. दोघांच्या मधे अंजनाबाईचा पाय होता.

“बोला की सर,” गर्दीतून बालाजी म्हणाला. “तुमी लेकरायला शिकविता. बंदानं इख थांबतंय का न्हाई?”

माइक त्यांच्यासमोरच होता. त्यांनी तो जवळ ओढला. मग ते म्हणाले, “नाही थांबत.” एवढंच. माइकवर ते दोन शब्द फार मोठे वाटले. सत्कार झालाच नाही, नारळ तसाच ताटात राहिला.

पुढच्या कापणीला त्याच टोळीतला एक माणूस आमच्याकडे आला. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलेला, पायाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या लावून उपरण्यानं सैल बांधलेलं. बंद नव्हता. चावून फार वेळ झाला नव्हता. कुणी बांधलं विचारलं तर म्हणाला, “अंजनाकाकीनं. पारावर जातो म्हनलं तर इळा उगारला तिनं.” नळीतलं रक्त गोठलं. साप बिनविषारी निघाला. एक दिवस ठेवून घरी सोडला.

साप चावल्यावर काय करायचं, हे मी गावाला अर्ध्या तासात शिकवू शकते. काय करायचं नाही, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी जाणार आहे, आणि त्यातली अर्धी शिकलेल्यांवर.